वजा मास्तर

बाळांनो, डोळे मिटायची गरज नाही, उघड्या डोळ्यांनीही हे दिसेल. दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत अशी कल्पना करा. मध्ये फरशीचं अंगण, अंगणात सायकली, एक बाक आणि फाटकाजवळ राखणदाराची पत्र्याची खोली. इकडच्या चौथ्या मजल्याच्या खिडकीत एक माणूस उभा आहे. तिकडच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत दहा वर्षांची मुलगी. दोघांच्या हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र. संध्याकाळचे सहा वाजतात आणि दोघं एकदम बोलायला लागतात. एकदम म्हणजे अगदी एकाच वेळी. घरात असं बोललात तर कुणीतरी दटावतं, एकेकानं बोला रे. इथे एकेकानं बोलायचं नाही हाच नियम. आता मनात एक आकडा धरा. मीही धरतो. आपण दोघं फक्त त्यांची बेरीज हवेत सोडू. समजा, बेरीज आली बारा. तुमचा आकडा पाच असेल तर माझा तुम्हाला लगेच कळला. बारातून पाच वजा केले की झालं. पण भिंतीला कान लावून बसलेला कुणी तिसरा असेल, तर त्याला नुसते बारा ऐकू येतात. सात आणि पाच, की नऊ आणि तीन, की अकरा आणि एक? त्यानं जगातली सगळी यंत्रं आणून लावली, शंभर वर्षं डोकं खाजवलं, तरी त्याला ते कळायचं नाही. तो मठ्ठ आहे म्हणून नव्हे. त्या बारामध्ये ते उत्तर नाहीच म्हणून. कुलूप असेल तर कधी ना कधी फोडता येतं. जिथे कुलूपच नाही आणि पेटीही नाही, तिथे चोर फोडणार काय? एवढं कळलं असेल तर आता त्या चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या डोक्यात शिरा. जरा सांभाळून, आत अडगळ फार आहे.

त्याला कामावर सगळे मास्तर म्हणत. शाळेत तो एक दिवसही शिकवायला गेला नव्हता, पण चहाच्या यंत्राचं बटण कसं दाबावं हेही तो पायरी-पायरीनं समजावून सांगे, म्हणून मास्तर. बिनतारी संच तपासायच्या त्या प्रयोगशाळेत त्याला बावीस वर्षं झाली होती. मंगळवारी सकाळी चहा घेताना शेजारच्या टेबलावरचा गणिती, जो सदा मान खाली घालून बोलायचा, कपात बघत म्हणाला, "या दिवसांत जिन्याखाली डास फार असतील, नाही?" कुणीतरी बिस्किटाचा पुडा फोडला. गणिती उठून कप विसळायला गेला. एवढंच झालं. पण मास्तरच्या हातातला चहा तसाच राहिला, त्यावर साय धरली, आणि त्याला वाटलं, आपल्या पाठीमागचं कुठलंतरी दार कुणीतरी आवाज न करता उघडलं आहे.

कारण जिन्याखालची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक तो, आणि दुसरी त्याची भाची मुंगी. मुंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण एका जागी कधी बसायची नाही आणि मिळेल ते ओढून आपल्या कोपऱ्यात साठवायची, म्हणून तिला लहानपणापासून सगळे मुंगी म्हणत. मुंगी अडखळत बोलायची. शब्दाच्या तोंडाशीच अडायची. ओठ घट्ट मिटले जायचे, मानेची शीर ताठ व्हायची, आणि समोरचा माणूस घाईनं तिचा शब्द पुरा करून टाकायचा, बहुधा चुकीचा. मग ती मान हलवून तोच चुकीचा शब्द खरा मानून टाकायची, कारण ते सोपं होतं. तिला दूध नको असायचं आणि ती दूध प्यायची. तिच्या आईनं, म्हणजे मास्तरच्या ताईनं, तिला आठवड्यातून दोनदा वाचा सुधारायच्या वर्गाला घातलं होतं. वर्ग दोन रस्ते पलीकडे, एका जुन्या दवाखान्याच्या माडीवर. आणि गेले पाच आठवडे मुंगी माडीवर जातच नव्हती. जिन्याखाली मोडक्या खुर्च्या ठेवल्या होत्या, त्यांच्यामागे तासभर बसायची आणि घड्याळ बघून घरी यायची. हे तिनं मामाला सांगितलं ते त्या यंत्रावर, संध्याकाळी सहा वाजता, दोघं एकदम बोलत असताना. यंत्र लावायच्या आधीच तिनं विचारलं होतं, हे कुणालाच कळणार नाही ना? आणि त्यानं सांगितलं होतं, मुंगे, हे गणितानं सिद्ध झालंय.

यंत्रं प्रयोगशाळेचीच होती. दोन्ही संच एकाच वेळी बोलतात, एकाच वेळी ऐकतात, आणि प्रत्येक संच आलेल्या गलक्यातून आपल्याच माणसाचं बोलणं वजा करून टाकतो. उरतं ते पलीकडच्याचं. ही नवी रीत खऱ्या भिंती, खरी दारं, येणारी-जाणारी माणसं यांच्यात तपासायची होती, म्हणून मास्तरनं रीतसर परवानगी काढून एक संच आपल्याकडे आणि एक समोर ताईकडे ठेवला. तिसरा संच फक्त ऐकणारा. तो राखणदाराच्या खोलीत फळीवर असायचा आणि हवेतलं सगळं टिपून ठेवायचा. प्रयोगशाळेत त्याला चोंबडा म्हणत. चोंबड्यानं टिपलेलं रोज सकाळी गणितीच्या टेबलावर जाई, कारण शत्रूचं काम, म्हणजे चोरून ऐकणारा होऊन बोलणं फोडून बघणं, गणितीकडे होतं. त्यातून एक शब्दही निघू नये, ही रीत खरी ठरायची तर. पहिल्याच संध्याकाळी भलतंच लक्षात आलं. मामाचा आवाज कानात भरून वाहत असला की मुंगी अडखळत नव्हती. तिला स्वतःचं बोलणं ऐकूच यायचं नाही, आणि जे ऐकू येत नाही त्याची भीती कसली? ती घडाघडा बोलली. शाळेतल्या बाईंच्या पर्सबद्दल, खिडकीत येणाऱ्या कबुतराच्या वाकड्या पायाबद्दल, वर्गातल्या आरशाबद्दल. त्या आरशासमोर बसून हळूहळू बोलायला लावतात आणि आपलं अडलेलं तोंड आपल्यालाच बघावं लागतं, हे तिनं अकराव्या संध्याकाळी सांगितलं. जिन्याखालचं बाराव्या. आणि ते आता गणितीच्या चहाच्या कपात तरंगत होतं.

त्यानं गणितीला विचारलं नाही. का विचारलं नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. विचारलं की उत्तर येतं, आणि उत्तर आलं की ते खरं की खोटं हे पुन्हा आपणच ठरवायचं. संशयाला निदान उत्तराची गरज नसते. दिवसभर तो टेबलावर वाकून बसला आणि डोळ्यांच्या कडेनं गणितीच्या हातांकडे पाहत राहिला. बारीक, स्वच्छ हात. पेन्सिलीला टोक काढताना भुसा कागदावर गोळा करणारे. अशा हातांचा माणूस दहा वर्षांच्या पोरीच्या मागे जिन्यापर्यंत जाईल? की अशाच हातांचा जाईल? सिद्धता तर याच माणसानं मांडली होती, चार पानांची, आणि मास्तरनं ती इतक्यांदा वाचली होती की तिच्यात कुठे स्वल्पविराम आहे हेही त्याला पाठ होतं. हवेतून कळणं शक्य नाही. म्हणजे हवेतून कळलेलं नाही. म्हणजे कुणाच्या तरी तोंडून. संध्याकाळी फाटकातून आत येताना राखणदारानं नेहमीसारखा हात वर केला, आणि मास्तरला पहिल्यांदाच वाटलं, हा हात वर करतो तेव्हा दुसऱ्या हातात काय असतं? तो खोलीत डोकावला. फळीवर चोंबडा बसला होता, बाजूला राखणदाराचा डबा आणि कंगवा. "काही हवंय का साहेब?" राखणदार म्हणाला. "नाही, यंत्र गरम होतंय का बघत होतो." "गरम नाही होत. थंडच आहे बिचारं. मी त्याच्यावर टोपी ठेवतो कधी कधी." मास्तर जिना चढला. टोपी कशाला ठेवतो?

लहान होता तेव्हा तोही असाच दाराला कान लावून उभा राहायचा. आई आणि वडील स्वयंपाकघरात एकाच वेळी बोलत. भांडत नसत, किंवा भांडतही असत. बाहेरून ते कळायचं नाही. दोन आवाज एकमेकांत कालवले जाऊन दाराच्या फटीतून यायचे, आणि त्यात मधूनच त्याचं नाव. नाव तेवढं स्पष्ट. नावाच्या आधी काय आणि नंतर काय, ते नाही. तो ताईला विचारायचा, काय म्हणतात गं माझ्याबद्दल? ताई गृहपाठातून डोकं वर न काढता म्हणायची, तुला विकणार आहेत. तो हसायचा आणि रात्री उशी घट्ट धरून झोपायचा. त्याला नवल वाटायचं ते एका गोष्टीचं, की आत त्या दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं. आई बोलता बोलताच वडिलांच्या बोलण्याला उत्तर द्यायची. दार उघडलं की दोघं गप्प. "काय रे?" "काही नाही, पाणी हवंय." किती पाणी प्याला असेल तो त्या वर्षांत! आणि पुढे आयुष्यभर हेच काम त्याच्या वाट्याला आलं, कोण ऐकतंय, किती अंतरावरून, किती कळतं. लोकांना वाटायचं मास्तर हुशार. तो नुसता त्या दारापासून हललाच नव्हता.

रात्रीच्या जेवणाला तो मंगळवारी ताईकडे असायचा. ताई पोळी वाढत होती. त्याच्या तोंडून सहज निघाल्यासारखं निघालं, "मुंगीचा वर्ग बरा चाललाय ना?" ताईचा हात थांबला. "का रे? तुला काही म्हणाली का?" "मला कशाला म्हणेल? सहज." "तू सहज कधी काही विचारत नाहीस. तू पाच वर्षांचा असल्यापासून ओळखते मी तुला." मुंगी ताटात बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या त्याला दिसल्या. "फ... फ..." मुंगी म्हणाली. "फळा?" ताई म्हणाली. "फळ हवंय?" मुंगीनं मान हलवली. ताईनं केळं आणून ठेवलं. मुंगीनं ते सोललं आणि मामाकडे न बघता खाऊन टाकलं.  तिला वाटलं असणार, मामा फुटला. किंवा, आणि हा विचार जिना उतरताना आला आणि मग अंगण ओलांडेपर्यंत त्याच्या सोबत चालला, तिनंच आणखी कुणाला सांगितलं असेल. पोरगी घडाघडा बोलायला शिकली. जे मला सांगितलं ते शाळेत सांगितलं असेल, शाळेतून कुणाच्या घरी, घरातून गणितीपर्यंत. मग ते गुपित आपल्यापुरतं नव्हतंच. आपण उगाच छाती फुगवून घेतली. दहा वर्षांच्या मुलीवर आपण रागावलो आहोत हे त्याच्या लक्षात आलं, पण म्हणून राग गेला नाही.

बुधवारी तो कामावरून लवकर निघाला आणि दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर, चष्म्याच्या दुकानाशी उभा राहिला. दुकानाच्या काचेत समोरचा जिना दिसत होता. मुंगी आली, दप्तर सांभाळत, इकडेतिकडे पाहत. खुर्च्यांच्या मागे गेली. तिचे पांढरे मोजे तेवढे दिसत राहिले. तासभर ते हलले नाहीत. एका जागी कधी न बसणारी ती पोर. माणसं वर जात होती, खाली येत होती, एक बाई मोबाइलवर जोरात बोलत जिन्याशीच थांबली, दवाखान्यातल्या मुलीनं बाहेर येऊन खुर्च्यांकडे एकदा बघितलं आणि आत गेली. तिनं बघितलं ते का? कुणाचं तोंड कुणाच्या कानाला लागलेलं आहे, हे तो शोधत होता, आणि काचेत जिन्याच्या जोडीनं त्याचा स्वतःचाही चेहरा दिसत होता, मान पुढे काढलेला, डोळे बारीक केलेला. "चष्मा बघायचाय का?" दुकानदारानं दारातून विचारलं. "नाही." "मग जरा बाजूला होता का? लोकांना वाटतं आत काहीतरी झालंय."

त्याच संध्याकाळी त्यानं तो सापळा लावला, ज्याची पुढे त्याला वर्षानुवर्षं लाज वाटणार होती. अंगणात मुंगीला गाठून तो तिच्या कानाशी वाकला आणि म्हणाला, कुणाला सांगू नकोस, पण आमच्या प्रयोगशाळेत सर्वांत खालच्या खणात मांजरीनं तीन पिल्लं घातली आहेत, साहेबांना कळलं तर हाकलून देतील. खण खोटा, मांजर खोटी, पिल्लं खोटी. हे यंत्रावर बोललेलं नव्हतं. आता हे ताईच्या तोंडून येतं, की राखणदाराच्या, की गणितीच्या, ते बघायचं. म्हणजे मुंगीच्या तोंडाला फट आहे की नाही ते कळेल. गुरुवारी तो सगळ्यांची तोंडं बघत हिंडला. ताईला मुद्दाम फोन केला. राखणदाराशी मुद्दाम मांजरांचा विषय काढला. त्याला मांजरं आवडत नव्हती, एवढंच निघालं. कुठूनही काही परत आलं नाही. शुक्रवारी सकाळी तो निघाला तेव्हा फाटकापाशी मुंगी दप्तर घेऊन उभी होती. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि दप्तरातून लोकरीचा एक तुकडा काढून त्याच्या पिशवीत कोंबला. तिच्याच जुन्या स्वेटरची बाही होती, एका टोकाला दोऱ्यानं शिवून बंद केलेली, टाके वेडेवाकडे. "त... तिघं मावतील," ती म्हणाली. "आईला म... मी सांगितलं, ह... हरवली." आणि पळाली.

तो ती बाही पिशवीत घेऊन प्रयोगशाळेत गेला. दिवसभर तिला हात लावला नाही, पण पिशवी पायाशी होती आणि पायाला ती कळत होती. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तो गणितीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. गणितीनं पेन्सिल खाली ठेवली. बहुधा तो मंगळवारपासूनच वाट बघत असावा.

"डास असतात," मास्तर म्हणाला. "जिन्याखाली. भरपूर असतात."

"मला सरळ सांगता येईना, मास्तर. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं. मग वाटलं, फारच वाकडं घातलं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. चोंबड्यानं."

"शक्य नाही. तुमचीच सिद्धता आहे."

"सिद्धता बरोबर आहे. पान दुसरं, शेवटची ओळ वाचा."

मास्तरला ती वाचायची गरज नव्हती. दुसऱ्या पानाची शेवटची ओळ: दोघांपैकी कुणाचंही बोलणं तिसऱ्याला आधीपासून माहीत नाही असं धरून. ती त्यानं शंभरदा वाचली होती. दाराच्या चौकटीकडे आपण बघतो तशी.

"रोज संध्याकाळी तुम्ही काय बोलता, मास्तर?" गणिती हळूच म्हणाला. त्यानं कपाटाकडे बोट दाखवलं, जिथे जुन्या तपासण्यांची ध्वनिमुद्रणं रचून ठेवली होती. "आज हवा कोरडी आहे. खिडकीत तीन कुंड्या आहेत. मधल्या कुंडीत काही उगवलं नाही. पुढचं म्हणू? आख्ख्या प्रयोगशाळेला पाठ आहे. बावीस वर्षं प्रत्येक संच तुम्ही त्याच उताऱ्यानं तपासलाय. तोच सूर, तोच वेग, श्वास घ्यायची जागासुद्धा तीच. मी कपाटातून एक मुद्रण काढलं, चोंबड्याच्या गलक्यावर ठेवलं आणि वजा केलं. अर्धा तास लागला. उरली ती तुमची भाची." तो थांबला. "तुम्ही बोलत नव्हता, मास्तर. तुम्ही वाजत होता."

बारा ऐकणाऱ्याला सात आधीच माहीत असेल तर पाच लपवणार कुठे? मास्तर खुर्चीवर बसला. हे चिमुरड्या पोराला कळेल. आणि हे त्याला कळलं नव्हतं असंही नाही. त्यानं त्याकडे पाहिलं नव्हतं. नवं काही बोलायचं तर विचार करावा लागतो, आणि विचार करत बोलताना मुंगीचं बोलणं कानावरून वाहून जातं. यंत्राला दोन्ही जमतं. त्याला जमेना. पहिल्या दिवशी त्यानं स्वतःच्या मनानं बोलून पाहिलं होतं, आणि मुंगी काहीतरी कबुतराबद्दल म्हणाली ते निसटलं. म्हणून त्यानं कुंड्यांचा उतारा लावून दिला, जसा नळ सोडतात, आणि आपण पूर्णपणे तिच्याकडे कान देऊन बसला. ऐकावं म्हणून केलं, आणि त्यातच ती उघडी पडली. आणि दुसरंही एक होतं, जे त्यानं गणितीला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी स्वतःच्या मनानं बोलताना त्याला चौथ्या-पाचव्या वाक्यालाच सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोरगी रोज काहीतरी नवं ओढून आणत होती. त्याच्या खिडकीत तीन कुंड्या होत्या. चार दिवस तो राखणदाराच्या टोपीवर, दवाखान्यातल्या मुलीच्या नजरेवर, त्या पोरीच्या तोंडावर संशय घेत फिरला, आणि जगातलं सगळ्यात ओळखीचं, सगळ्यांना पाठ असलेलं असं जे काही होतं ते त्याच्याच गळ्यातून येत होतं.

"कुणाला ऐकवलंत?" त्यानं विचारलं.

"कुणालाही नाही. अहवालात फक्त आकडा लिहिलाय, शंभरातली ब्याण्णव वाक्यं कळली म्हणून. वाक्यं लिहिली नाहीत. ती इथे आहेत." गणितीनं पडद्यावर दाखवलं. मुद्रणाला त्यानं नाव दिलं होतं, 'वजा मास्तर'. "पुसायचं की ठेवायचं ते तुम्ही सांगा."

"मी नाही," मास्तर म्हणाला. "ते तिनं सांगायचं."

तिला सांगणं मात्र त्याच्याकडेच होतं. त्या संध्याकाळी सहाला त्यानं यंत्र लावलंच नाही. खाली बाकावर जाऊन बसला आणि खिडकीकडे हात केला. मुंगी उतरून आली. बाकावर बसल्यावर तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. हे तिला न सांगताही चाललं असतं. उद्यापासून नवे उतारे वाचले असते, गणिती गप्प बसला असता, ती बोलत राहिली असती. कळलं तर गप्प होईल. मग यंत्रावर नाही, कुठेच नाही. त्याला हे स्वच्छ दिसत होतं, आणि पिशवीतली ती बाहीही दिसत होती. त्यानं सांगितलं. आधी मांजरीचं, मग कुंड्यांचं, मग ऐकणाऱ्याचं. दवाखान्यासमोर उभा राहिलो होतो हेही सांगितलं. काही समजावून सांगितलं नाही, पायऱ्या केल्या नाहीत. मुंगी सायकलींकडे बघत राहिली.

"प... पिल्लं नाहीत?"

"नाहीत."

"एक प... पण?"

"एकपण नाही."

मुंगीच्या मानेची शीर ताठ झाली होती, म्हणजे शब्द आत होता, अडला होता. त्याला तो पुरा करायची सवय नव्हती, तरी आज जिभेवर चार-पाच शब्द येऊन गेले. खोटारडा. जाते. सांगशील. त्यानं ओठ मिटून धरले. "म... मला त्याला बघायचंय," मुंगी शेवटी म्हणाली. "ज्यानं ऐकलं त्याला."

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर प्रयोगशाळा रिकामी असते. गणिती थांबला होता. त्यानं केस ओले करून चापून बसवले होते आणि टेबलावर बिस्किटं काढून ठेवली होती, आणि मुंगी आत आल्यावर तो मोठ्या साहेबांसाठी उठावं तसा उठला. मुंगीनं त्याला आधी वरून खाली आणि मग खालून वर बघितलं.

"त... तुम्ही चोंबडे?"

"हो," गणिती म्हणाला. "म्हणजे, मला तसं नेमलंय. पण हो."

"स... सगळं ऐकलं?"

"आठ वाक्यं राहिली. कबुतराच्या पायाचं काय झालं ते नाही कळलं."

मुंगी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली. मास्तर मागे उभा राहिला. पुसायचं असेल तर हे बटण, गणितीनं दाखवलं, एकदा पुसलं की मग कुठेही नाही. मुंगीनं त्या बटणाकडे पाहिलं, मग बाजूच्या दोन ध्वनिपेट्यांकडे. "ल... लावा," ती म्हणाली.

आधी नुसती खरखर आली, दूरच्या नळासारखी. मग एक आवाज. मुलीचा, स्वच्छ, थोडा घाईतला, एका दमात चालणारा. मामा, आज बाईंच्या पर्सचा बंद तुटला आणि सगळं खाली पडलं, त्यात एक बाहुली होती, खरंच, एवढीशी. मास्तरनं हे खिडकीत उभं राहून ऐकलं होतं, पण तेव्हा त्यावरून त्याचा स्वतःचा आवाज वाहत असायचा. असं एकटं, उघड्यावर, कधी ऐकलं नव्हतं. मुंगीनंही नव्हतं ऐकलं. ती बसल्या जागी आक्रसली आणि गणितीकडे वळून म्हणाली, "ही क... कोण?" गणितीनं मास्तरकडे पाहिलं. आवाज बोलतच होता. बुधवारी मी वर जातच नाही, जिन्याखाली खुर्च्या आहेत ना, तिथे बसते. वर आरसा आहे. मामा, तू ऐकतोयस ना? आणि इथे थोडी जागा रिकामी होती. मास्तरला आठवलं, तेव्हा त्यानं खिडकीतून मान हलवली होती, तोंडानं कुंड्या चालू ठेवून. मुद्रणात मान नव्हती. तो जिथे होता तिथून त्याला वजा केलेलं होतं, आणि उरली होती ती खरखर, आणि पुढे पुन्हा ती मुलगी, उत्तराची वाट न बघता बोलायला लागलेली.

मुद्रण संपलं. गणितीनं पुसायच्या बटणाकडे हात नेला आणि थांबला. मुंगीनं मान हलवली; नाही अशी. "प... परत," ती म्हणाली.

परत सुरू झालं. या खेपेला मुंगी खुर्चीच्या टोकाला सरकली आणि तिचे ओठ हलू लागले. आधी बिनआवाजाचे. पर्सच्या बंदाशी तिचा आवाज लागला, बारीक, त्या दुसऱ्या आवाजाच्या अर्ध्या शब्दानं मागे. बाहुलीपाशी तिनं तो गाठला. आता दोघी बरोबर चालल्या होत्या, तेच शब्द, तोच दम, आणि ती अडखळत नव्हती. गणितीनं चष्मा काढून हातात धरला.  मुंगीनं हात लांब करून आवाज कमी-जास्त करायचा खटका पकडला आणि डावीकडे फिरवला, थोडासा. बोलत राहिली. आणखी थोडासा. बुधवारी मी वर जातच नाही. ध्वनिपेट्यांतली मुलगी मागे मागे गेली, भिंतीपलीकडे गेल्यासारखी. जिन्याखाली खुर्च्या आहेत ना, तिथे बसते. मुंगीनं खटका टोकापर्यंत फिरवला आणि तो थांबला.

"वर आ..." ती म्हणाली, आणि अडली. ओठ मिटले, शीर ताठ झाली. दोन मोठी माणसं तिच्या मागे उभी होती आणि दोघांनाही पुढचा शब्द माहीत होता. मुंगीनं खटक्यावरून हात काढून घेतला, मांडीवर ठेवला, आणि थांबली, हवं तितकं थांबली, आणि मग म्हणाली, "आरसा आहे."